तिण्णैचं कुलूप

तंजावूर, मार्च १९९६. मंगळवार, संध्याकाळ.

हे जाऊन आठवडाही झाला नाही. आपल्यात दुखवट्याला येणारा माणूस हाक मारत नाही. दाराबाहेरच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, मुकाट बसतो आणि न सांगता उठून जातो. पण मुलाने गेल्या वर्षी नव्या स्कूटरसाठी तिण्णैला लोखंडी जाळी बसवली. वर कुलूप.

आज यांचे तिरुवैयारूचे मित्र आले. मी खिडकीतून पाहिलं. चपला काढून रस्त्यावरच उभे राहिले, कुलपाकडे बघत. किल्ली मुलाकडे, तो क्रियेसाठी नदीवर. नवऱ्याच्या दुखवट्यात मी आतून हाक तरी कशी मारणार? थोड्या वेळाने चपला घालून गेले.

सून म्हणाली, "आई, कुणीच कसं येत नाही हो?"

हे बसायचे तिथे स्कूटर उभी आहे. आणि ते कुलूप. असे किती जण उभे राहून गेले असतील, आता कुणाला विचारू?