देवराईतली मूठभर माती

४ मार्च
ओकिनावाहून बोट वेळेवर सुटली, पोटही ढवळलं नाही. बेटावर मला दिलेलं घर नीटनेटकं, अंगणात जास्वंद, मागे या बेटाची देवराई. ते पांढरं रानऑर्किड जगात उरलंय ते एवढ्याच झाडीत. ‘नामशेष होण्याच्या काठावर’ अशी पाटी लावलीय बिचाऱ्यापुढे. त्याच्या राखणीला माझ्यासारखा अर्धवट शिकलेला माळी नेमला, भाग्यच म्हणायचं. देवराईची पुजारीण नाबी शेजारीच राहते. काळा गूळ घेऊन आली. माझं वाकलेलं कंबरडं बघून म्हणाली, “म्हातारबा, राखायला आलात की राखून घ्यायला?” हसता हसता ठसका लागला मला.

१२ मार्च
देवराईत शिरताना मी बूट घासूनपुसून घेतो, परकं बी आत जायला नको. नाबी बाहेर पडताना चपला झटकते आणि झाडांना मोठ्याने सांगते, काही नेत नाही हो, पान नाही, खडा नाही. मलाही तसंच म्हणायला लावते.

२ एप्रिल
रोपं पिवळी पडताहेत. काळजी वाटते. एखादं तरी कुंडीत जगवावं म्हणून गुपचूप उपटून आणलं. परक्या मातीत ते रुजत नाही, म्हणून तिथलीच मूठभर माती घेतली. निघताना सवयीने म्हणून गेलो, काही नेत नाही. उकरताना बोटात काटा मोडला, ठणकतोय.

९ एप्रिल
कुंडीतलं रोप मेलं. बोट सुजलंय. जखमेतून हिरवं टोक डोकावतंय. चिमट्याने ओढलं तर खांद्यापर्यंत कळ गेली.

१५ एप्रिल
नाबीला दाखवलं. तिची थट्टा आटली. म्हणाली, कोयता तापवते, बोट जाईल, तुम्ही राहाल. मी आधी देवराईत गेलो. सगळी रोपं काळी पडलीत. एकही जिवंत नाही —

१८ एप्रिल
मनगटावर पानं. मी पाणी प्यालो की टवटवीत होतात. भात नकोसा झालाय. जगात उरलंय ते एवढंच, माझ्या हातावर. कापलं तर मी वाचेन, पण ते —

२० एप्रिल
उजवा हात उचलवत नाही. डाव्याने लिहितोय. कळी आलीय — पांढरी. नाबी दार ठोठावतेय. “अहो, फूल आहे ते. तुम्ही माणूस आहात. उघडा दार.” कडी घातलीय. बी धरेपर्यंत थांब बाई, मग खुशाल काप — एवढंच सांगायचंय. तोंड उघडतो, पण जिभेखाली मुळं —