बोर्डावरचं मधलं नाव

अप्पा, माझं लायसन्स झालं. सरकारी कामाचं टेंडर भरायला ठेकेदार म्हणून नोंदणी लागते ना, ती. माझ्या स्वतःच्या नावावर. पदवीचा कागद, कामाचे दाखले, बँकेचं पत्र, काय काय मागतात म्हणून सांगू! त्या ऑफिसचे जिने चढून चपला झिजल्या माझ्या. आईने मात्र त्याची फ्रेम करायची नाही असं बजावलंय. आधी काम दिसू दे म्हणते. तुमचीच बायको ती.

तुम्ही सगळी हयात दुसऱ्याच्या लायसन्सवर काम केलंत. टेंडर मोठ्या ठेकेदाराचं, आणि पाया खणल्यापासून रंग सुकेपर्यंत साइटवर उभे तुम्ही. कासारवाडीची ती बालवाडी आठवते? स्लॅबचा दिवस आहे. स्लॅब भरून झाला की सगळ्यांचं तोंड गोड करायचं हा तुमचा नेम, म्हणून आई साइटवरच तीन विटांच्या चुलीवर लापशी ढवळतेय. मी शाळेतून थेट तिथेच आलेय आणि फाटकाजवळचा बोर्ड वाचतेय. कामाचं नाव, ठेकेदाराचं नाव. तुमचं कुठेच नाही. असा राग आला मला! चुलीतला कोळसा घेतला आणि खाली तुमचं नाव ठळक लिहिलं. तुम्ही आलात, ओल्या फडक्याने ते पुसलंत आणि सगळ्यांदेखत मला झापलंत. "नाव म्हंजे शोभा न्हाई पोरी. उद्या काय पडलं-झडलं, तर बोर्डावर ज्याचं नाव, त्याला धरत्यात." मग लापशीची पहिली वाटी मलाच दिलीत. मी रडत रडत खाल्ली, पण झाली होती झकास.

लायसन्स हातात आलं त्याच महिन्यात सेंट्रिंगवाले मामा घरी आले. तुमच्या प्रत्येक स्लॅबखाली फळ्या ठोकल्या त्यांनी, तेच. चाकणकडे एका गावात ग्रामपंचायतीच्या सभागृहाचं काम निघालं होतं. लायसन्स तेवढं मी वापरू द्यावं, बाकी सगळं ते बघतील, मला तिकडे फिरकायचीही गरज नाही, असं म्हणाले. लहानपणी ज्यांच्या खांद्यावर बसून फिरले, त्या माणसाला नाही कसं म्हणायचं? पण म्हटलं.

मामांनी कप खाली ठेवला. "तुझ्या बापानं जन्मभर असंच केलं की."

"म्हणूनच, मामा. माझं नाव लागणार असेल तर रोज मी उभी राहणार. टेंडर मी भरते, सेंट्रिंग तुम्ही करा."

अर्धा चहा तसाच टाकून ते गेले. आठवडाभर फोन नाही. मला घास गोड लागेना. मग एका सकाळी दारात हजर. "बापाच्या वरताण हाईस," एवढंच म्हणाले आणि राहिलेला अर्धा चहा मागितला.

टेंडर आपल्याला लागलं. जोत्यापर्यंत काम आलंय. मामा माझ्यासाठी सावलीत खुर्ची टाकतात आणि मी बसत नाही म्हणून दिवसभर कुरकुरतात. स्लॅबच्या दिवशी लापशी आईच करणार आहे, गुडघे दुखत असले तरी. मी फार सुखात आहे, अप्पा.

परवा बोर्ड रंगवायला पेंटर आला होता. लग्नानंतर मी माझं मधलं नाव बदललं नाही. सासूबाई जरा फुगल्या, मग विसरल्या. पेंटर म्हणाला, ताई, जागा कमी आहे, मधलं नाव एका अक्षरात उरकू. मी म्हटलं, अक्षरं बारीक काढ हवं तर, पण नाव पूर्ण लिही. तेव्हा आता तुम्ही बोर्डावर आहात, माझ्या आणि आडनावाच्या मधोमध. पुसायला फडकं घेऊन येऊ नका. आणि काही पडलं-झडलं, तर दोघांनाही धरतील, ध्यानात ठेवा.

हे पत्र टाकायचं कुठे, हा प्रश्नच आहे. राहील माझ्या डब्याच्या पिशवीत. एक मात्र कबूल करते. रोज सकाळी मी सगळ्यांच्या आधी साइटवर पोचते. मामांना वाटतं, पोरीचं कामावर किती लक्ष आहे. मी बोर्ड वाचायला जाते.