समोरच्या दारातला तारणहार

४ सप्टेंबर
तारणहार! करी रोडच्या नाक्यावर चक्क फ्लेक्स लागलाय. मंडळाच्या पोरांनी अभयचा गॉगलवाला फोटो छापलाय, मागे सोनेरी किरणं. काय, तर समोरच्या फ्लॅटमधले चिंतामणीकाका लिफ्टपाशी कोसळले तेव्हा माझ्या नवऱ्याने छाती दाबून त्यांना परत आणलं. ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, तसं. चांगलंच केलं, नाही कोण म्हणतंय? पण सासूबाई फ्लेक्स बघून आल्या त्या भडकूनच — "बुद्धानं स्वतःला असलं काय म्हणवून घेतलं नाय, हा कोण टिकोजीराव लागून गेला!"

खरंच आहे. आमच्यात कुणी कुणाला तारत नाही. ज्याचा दिवा त्याने लावायचा.

७ सप्टेंबर
अभय सारखा खाली नाक्यावर जातोय, फ्लेक्सपाशी. दूध संपलंय म्हणे! फ्रीजमध्ये दुधाच्या पिशव्यांना जागा नाही.

१६ सप्टेंबर
काका रोज सकाळी बेल वाजवतात. आधी अभयला हात जोडून नमस्कार, मग चहा. काल डॉक्टरांनी त्यांना बायपास सांगितली, लवकरात लवकर. काका हसले — "छाती कशाला फाडून घ्यायची? आमचा तारणहार समोरच बसलाय की!" त्यांच्या बायकोला, नलूकाकूंनाही तेच पटलंय. शिकलेली माणसं ही! डोकं फिरलं माझं.

२३ सप्टेंबर
नागपूर रद्द. सासूबाई दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जातात, अभय नेतो. नलूकाकू दारात येऊन रडल्या — "अभय नसताना ह्यांना काही झालं तर?" सासूबाईंनी भरलेली बॅग मुकाट्याने रिकामी केली. मी सिंकमध्ये कुकर आपटला. आणखी काय करणार?

२६ सप्टेंबर
अभयला झोप नाही. दाराला कडी लावू देत नाही. शेवटी आज बोलला — "काकांची बरगडी मोडलेली माझ्या हाताला कळली गं. पुन्हा हात चालतील की नाही, माहीत नाही." हेच त्यांना सांग, म्हटलं. "त्यांना काय वाटेल?" वाटू दे काय वाटायचं ते! अशाने माणूस जाईल एक दिवस.

२८ सप्टेंबर
सांगितलं एकदाचं. "काका, मी तारणहारबिरणहार कोणी नाही. पुन्हा पडलात तर मला जमेलच असं नाही. ऑपरेशन करून घ्या."

काकांनी चहा अर्धा ठेवला. "असं होय! बरं झालं कळलं. आमचं आम्ही बघू." दार धाडकन आपटलं. अभय दिवसभर जेवला नाही.

३ ऑक्टोबर
काका रागारागात ऑपरेशनला अ‍ॅडमिट झाले. आम्हाला वॉचमनकडून कळलं.

१५ ऑक्टोबर
काका घरी आले. काकूंचा हात धरून, हळूहळू. आमच्या दारावरून गेले, मान वळवली नाही. अभय दाराच्या भिंगाला डोळा लावून उभा होता. "चालतायत गं," म्हणाला, आणि तिथेच चपलांजवळ बसून ढसाढसा रडला.