वाट्यांचा नकाशा

दि. ३ मे १९६१
आधी पेपर तपासणी, मग पडसं, मग निव्वळ आळस. चार महिने या वहीला तोंड दाखवलं नाही. माफी असावी. (मागतोय कोणाकडे, देव जाणे!)

भाई पंचायतीला उभे राहतायत. समोर किराणावाला परशुराम. भाई माझे थोरले. वडिलांमागे मला कॉलेजात त्यांनीच घातलं. आज म्हणाले, "तू शिकलेलो मास्तर. सांग, माका मतां पडतली मां? हरलंय तर बाजारात तोंड दाखवचंय नाय."

मी म्हटलं, शास्त्रीय पद्धतीने पाहू. कोल्हापूरला बी.टी. करताना शिकलो होतो. वर्गातल्या प्रत्येक मुलाला विचारायचं, तुला कोणाजवळ बसायला आवडेल? मूल म्हणजे वर्तुळ, आवड म्हणजे बाण. ज्याच्याकडे बाण जास्त, तो वर्गाचा खरा पुढारी. वर्गाचं जमतं तर वाडीचं का नाही?

५ मे
जमत नाही. "अडचणीत सल्ला कोणाचा घेता?" असं घरोघर विचारलं. निम्मे म्हणाले, देवाचो. कायतान म्हणाला, "पाद्रीचो. पण आयकतंय खंय?" बाकीचे छाती काढून — "माका कोणाचो सल्लो लागणा नाय!"
सगळे बाण आभाळाकडे. देव उभा राहिला तर बिनविरोध येईल.

७ मे
सुचलं! माणूस तोंडाने खोटं बोलेल, वाटी नाही बोलणार. गरे, सुकी सुंगटं, आमसुलं — कुठल्या घरातून वाटी निघते, कुठे जाते, भरून परत येते का, एवढंच टिपायचं. देवळात एकमेकांकडे न बघणाऱ्या घरांच्यासुद्धा मागल्या दारांनी वाट्या फिरतायत!
पडवीत बसून पाहत राहायचं. ही हेरगिरी झाली का? थोडी झाली. पण भाईंसाठी.

१२ मे
गावात बोंब — सरकार वाट्यांवर कर बसवणार, मास्तर मोजणी करतोय! दोन दिवस एक वाटी हलली नाही. कायतानची सेवरीना फणसाची भाजी छत्रीखाली लपवून नेताना दिसली. शेवटी सुगंधाने घरोघर जाऊन समजूत काढली: "आमच्या ह्येंका सुट्टी मानवणा नाय."
बायकोने असं सांगावं! पण वाट्या पुन्हा सुरू झाल्या.

१६ मे
नकाशा पुरा. प्रत्येक घराचं एक वर्तुळ, आत घरधन्याचं नाव. भाईंच्या वर्तुळावर इतके बाण की शाई पसरली. परशुरामाकडे अगदी थोडे, त्यातला एक सासऱ्याचा.
भाईंना दाखवला. "ह्या काय? भिंतीवरच्या कोळ्याचा जाळा?"
"मध्ये बसलायत ते तुम्ही."
भाईंनी प्रचार तिथल्या तिथे बंद केला. शिंप्याकडे कोटाचं माप देऊन आले. मी "नक्की" म्हणालो का? "बहुधा" म्हणायला हवं होतं. म्हटल्याचं आठवत नाही.

२८ मे
भाई पडले. साफ! परशुरामाला दुपटीहून जास्त.
भाई पडवीत भिंतीकडे तोंड करून बसलेत. एवढंच म्हणाले, "तुझ्या रेघांनी माका बुडयल्यानी रे." मला जेवण गेलं नाही.

२९ मे
नकाशा सुगंधापुढे टाकला. म्हटलं, चूक दाखव. तिने तांदूळ निवडता निवडता एक नजर टाकली.
"ही सगळी पुरुषांची नावां कित्याक? पुरुष कधी वाटी धाडता? तुम्ही जल्मात येक तरी धाडलात?"
नाही धाडली.
म्हणजे भाईंच्या वर्तुळातले सगळे बाण यशोदावहिनींचे! भाईंचा एकही नाही. पण मग वहिनींच्या शब्दाखातर तरी मतं पडायला हवी होती? तडक गेलो. मागल्या दारी कुळीथ पाखडत होत्या.
"वहिनी, तुम्ही घरोघर एक शब्द टाकला असतात तर —"
"टाकलंय मां."
"मग?"
"ह्येंका मत घालू नका म्हणान! भावजी, हळू बोला. आधीच ह्यो माणूस घरात टिकणा नाय. सरपंच झालो काय रोज वीस माणसां दारात आणि टोपभर चाय. ती कोण करतलो — तुमचो नकाशो?"

मतं नकाशाबरहुकूमच पडली होती! भाईंना सांगू? सांगितलं तर त्या घरात चूल पेटायची नाही. नाही सांगितलं तर गाव माझ्या शास्त्राला हसणार. परतताना वाटभर हाच विचार. हसू दे. शास्त्राला संसार नाही.

४ जून
पंचायतीत बायकांच्या जागेला कोणीच उभी नव्हती; ती आता निवडून आलेल्यांनी भरायची. आज परशुराम स्वतः येऊन यशोदावहिनींना विचारून गेला. वहिनी हो म्हणाल्या!
भाई : "आणि घरचा कोण बघतलो?"
वहिनी : "तुमका आता येळच येळ आसा मां."

उद्या : भाईंना चूल पेटवायला शिकवणे.