आपलं तेवढं सांगायचं

सोलापूर,
१७ जानेवारी २०२५

बेटी हुस्ना,

सलाम आणि भरभरून दुवा. तुझे अब्बा पीरसाबभाई यांना माझा सलाम सांग. करकंबला थंडी जास्त असेल, त्यांना सकाळी मोटारसायकलवर हिंडू देऊ नकोस. तू फोन उचलत नाहीस, त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. पण पत्र तरी वाचशील. मराठीची मास्तरीण मी, लिहिल्याशिवाय मला बोलल्यासारखं वाटत नाही.

गड्ड्याची जत्रा भरली आहे. गल्लीतली पोरं रोज पाळण्यात बसून, ओरडून ओरडून घसे बसवून येतात. तुझ्या अरिबाला मी नेत होते, ती नको म्हणाली. आरिफची टॉवेलच्या कारखान्यात दिवसपाळी आहे. एकूण सगळं ठीक आहे.

ठीक आहे असं लिहिलं खरं. नाही ठीक.

आपली जेवणावरची पद्धत तुला आठवत असेल. रात्री दस्तरखान पसरलं की प्रत्येकानं आज आपलं काय चुकलं ते सांगायचं. मीच सुरू केली. मुलांना स्वतःच्या आत बघायची सवय लहानपणीच लावावी लागते, हे शाळेत जन्मभर सांगत आले ना! नियमही माझाच: दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आपलं तेवढं सांगायचं. तू हसायचीस, "अम्मीजान, तुमारी शाळा कबी छुटती नई."

तू माहेरी गेल्यावरही अरिबानं पद्धत मोडली नाही. गेल्या आठवड्यात तिची पाळी आली तेव्हा म्हणाली, "सालन मेरे हात से गिर्या, इसके वास्ते अम्मी गई."

रस्सा सांडला होता, हे खरं. पण त्यावरून आरिफनं तुझ्यावर हात उचलला, आणि तोही काही पहिल्यांदा नाही, हे मला ठाऊक आहे अन् त्यालाही. तो समोरच बसला होता. त्याची पाळी आल्यावर म्हणाला, "आज हेल्मेट भूल गया." आणि भाकरी मोडू लागला. पोटच्या पोराची मला इतकी किळस कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अरिबाला जवळ घेऊन मी स्पष्ट सांगितलं, "बेटा, तेरी गलती नई. तेरे अब्बा की है." तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "दादी, दुसरे का नाम नई लेना."

नऊ वर्षांची पोर, हुस्ना. तिला मी स्वतःत बघायला शिकवलं आणि बाकी सगळीकडे बघायची बंदी केली.

आरिफला विनवलं, एकदा तिच्यासमोर तुझी चूक बोल. "बेटी के सामने गर्दन झुकाऊँ क्या?" म्हणाला. तो बोलणार नाही. त्याचे अब्बाही कधी बोलले नाहीत, आणि मीही कधी विचारलं नाही.

परत ये असं लिहायला माझा हात धजत नाही. येऊ नकोस. पोरीला तुझ्याकडे पाठवते म्हटलं तर हा दारात आडवा उभा राहतो, आणि तुझे भाऊ म्हणतात, त्याची मुलगी त्यानं सांभाळावी. मला यातून वाट दिसत नाही. एवढंच कर, एकदा फोन उचल आणि तिची चूक नाही हे तिला तुझ्या तोंडानं सांग. माझं ती ऐकत नाही. तिच्या लेखी मी आता नियम मोडणारी.

हल्ली ती पाण्याचा पेलासुद्धा दोन्ही हातांनी धरते. मोठ्यानं हसत नाही, काही मागत नाही. काल जेवताना म्हणाली, "दादी, आज मेरी एक बी गलती नई." मी म्हटलं, शाबास. तर दाराकडे बघून म्हणाली, "फिर कल अम्मी आती ना?"

आरिफ तिथंच होता. आम्ही दोघंही जेवत राहिलो.

अजूनही तुला बेटी म्हणणारी,
कमरुन्निसा