अल कुसैसच्या हॉलमधला हिमालय

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आज दुपारपासून वर्गात तुमच्यासमोर उभा असल्यासारखं वाटतंय. उद्या इथं आखातात, अल कुसैसच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाचा गणपती बसतोय. सजावट हिमालयाची, विषय ‘हिमनद्या वाचवा’, आणि आरतीनंतर भाषण माझं. थर्माकोल नको, खऱ्या बर्फाच्या लाद्या रचा, हे मीच मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून सांगितलं. “हाताला गार लागल्याशिवाय माणसाला बर्फ कळत नाही!” टाळ्या पडल्या. वाक्य तुमचं होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही.

तुम्ही ते नववीच्या सहलीत, हिमनदीच्या तोंडाशी म्हणाला होतात. तुम्ही हातमोजा काढून तळवा बर्फावर टेकवता, आम्हालाही टेकवायला लावता. मग मी दगडाने एक कपचा फोडून थर्मासात भरतो, आईला दाखवायला, आणि तुम्ही पाहता. ओरडत नाही. “तुझ्या पणजोबांच्याही आधीपासून हा इथं आहे. तुझ्या थर्मासात किती टिकेल रे?” “ठेव जागेवर. आणि उतरताना सगळ्यांचा कचरा तू उचलायचास.” सगळी वाट मी दुसऱ्यांच्या चॉकलेटचे कागद वेचत उतरलो. पुढे जे वाचलं, जे व्यासपीठांवरून गरजलो, ते सगळं त्या वाटेवरून आलंय. थंडी जिथं आपसूक आहे तिथं ती राखायची, असं मी इथल्या लोकांना कितीदा सांगितलंय, आणि तेही हुडहुडी भरवणाऱ्या एसीत उभं राहून.

आज जेवताना लेकीने विचारलं, “बाबा, आइस कुठून येणार?” अजमानच्या कारखान्यातून, मी म्हटलं. “अँड द वॉटर?” समुद्राचं, गोडं केलेलं. तिने चमचा खाली ठेवला. “सो यू बर्न गॅस टु मेक आइस, टु सेव्ह आइस?” बायको हसली, “उद्या हिलाच उभी करा माइकवर.” ही बारा वर्षांची पोर उद्या पहिल्या रांगेत बसणार आहे. तिला माझं बोलणं एकदा खोटं वाटलं की पुढचा एकही शब्द तिच्यापर्यंत पोचणार नाही. आणि लाद्या रद्द केल्या तर मंडळ म्हणेल, सर नुसते बोलतात.

इथवर लिहिलं आणि मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला. “सर, चारला ट्रक लोड होतोय. एकदा भरला की खलास, परत घेत नाहीत.” साडेतीन वाजले होते. मी म्हटलं, लाद्या नकोत, घराघरातून पांढऱ्या चादरी मागवा. “अहो, खरा बर्फ ही तुमचीच आयडिया ना?” माझ्या तोंडून निघालं, “फरशी ओली होईल. कुणाची आई घसरली तर?” तो म्हणाला, “हां, ते पण आहे. यल्ला, चला, कॅन्सल करतो.”

बर्फ थांबला, बाई. खरं कारण उद्या माइकवर सांगायचं ठरवलंय; पहिलं वाक्य दोनदा लिहून खोडलं. पण आत्ता लेक दारात येऊन, डोळे मोठे करून विचारून गेली, “यू कॅन्सल्ड? बिकॉज ऑफ मी?” आणि मी तिलाही फरशीचंच कारण सांगितलं.