चार पानं अब्दुलभाईंना

काष्टी,
आश्विन वद्य चतुर्थी, शके १८६६

तुमच्या पायांशी मुक्ताचा नमस्कार. इकडे सगळी सुखरूप आहोत. मामंजींचा खोकला उतरला. सासूबाईंचे गुडघे होते तसेच. गाय व्यायली, कालवड झाली. तुमच्या फौजेचा मुक्काम कुठे आहे ते सरकार लिहू देत नाही, म्हणून विचारत नाही.

गाडीही बरी आहे. तेवढं वाचून पत्राची घडी घातलीत तरी चालेल, पुढचं सगळं माझंच आहे.

बरी आहे म्हणजे कालपासून. दसऱ्यापासून ती रुसली होती. बटन दाबलं की नुसतं टक्. पुन्हा दाबलं, पुन्हा टक्. दिवे लागायचे, हॉर्न वाजायचा, पण इंजिन हूं की चूं करत नव्हतं. पुढून हँडल फिरवून सुरू करायची सोय नाही, कारण गेल्या साली त्यानं अब्दुलभाईंचं मनगट मोडलं आणि मामंजींनी ते विहिरीत टाकलं. ढकलावी तर दारापुढं गुडघाभर चिखल. अब्दुलभाई म्हणाले, बॅटरी गेली, आणि लढाईच्या दिवसांत नवी मिळायची नाही.

मामंजी कंटाळलेच होते. त्यांनी श्रीगोंद्याच्या आप्पासाहेबांना निरोप धाडला. आप्पासाहेबांना गाडी नकोच होती, टायरं हवी होती. म्हणाले, "चार चाकं काढून नेतो, डबडं ऱ्हाऊ द्या कोंबड्यांना." सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. खरं सांगू? मला बरं वाटलं.

का, ते आता विचारा. नाहीतर नका विचारू, मीच सांगते. अब्दुलभाई गाडी चालवण्यात पटाईत, पण त्यांना अक्षरओळख नाही. तुम्ही त्यांना पत्र घालता आणि वाचून दाखवायचं मी. ओसरीवर सासूबाई वाती वळत बसतात, पायरीवर अब्दुलभाई, आणि मी मोठ्यांदा वाचते, तिला उन्हात ठेवू नकोस, तिच्या अंगावर पोतं टाकत जा, चार दिवसांतून एकदा तरी तिला फिरवून आण. चार पानं! त्याच पाकिटात माझी चिठ्ठी असते. "तब्येत ठीक आहे. आई-बाबांना सांभाळ." मला कुणी फिरवून आणायचं? माहेरी जाऊन दोन वर्षं झाली, ते तुमच्या गावीही नाही.

श्रावणातल्या पत्रातली एक ओळ मी वाचलीच नाही. "डोळे मिटले की तिचाच आवाज कानात येतो," असं होतं तिथं. खाली प्लगचं होतं, ते वाचलं. अब्दुलभाईंना काही कळलं नाही.

तर परवा मामंजी म्हणाले, "सूनबाई, गाडीत काय ऱ्हायलं आसंल तर काढून घ्या." सीटखाली तुमचा पंचा सापडला. तो काढताना पायाखालची फळी हलली, म्हणून उचलली. खाली बॅटरी, आणि तारा बसतात त्या तिच्या दोन्ही बोंडांवर लालभडक शेंदूर! दसऱ्याला अब्दुलभाईंनी तारा सोडून सगळं पुसून ठेवलं आणि जेवायला गेले. तेवढ्यात सासूबाईंनी, गाडीचा जीव इथंच असतो असं ऐकलेलं, म्हणून तेलात कालवून चांगला जाड थर दिला. वर पुन्हा तारा बसल्या.

मला लगेच उमगलं. ज्येष्ठातल्या पत्रात तुम्हीच लिहिलं होतंत ना, नुसतं टक् झालं तर आधी बॅटरीला शिव्या देऊ नकोस, तारांची तोंडं बघ, आत शिसं चकचकीत दिसलं पाहिजे. तुमची पत्रं मला पाठ आहेत. ज्यांना लिहिलीत त्यांना नाहीत.

मी फळी परत ठेवली.

घरात आले, तवा टाकला. मनात म्हटलं, जाऊ दे. उद्या चाकं जातील, ब्याद जाईल. दोन भाकरी करपल्या. मग एकदम मनात आलं, गाडी गेली की तुम्ही अब्दुलभाईंना काय लिहाल? चार पानं बंद होतील. मग तुमचं बोलणं मला ऐकू तरी कुठून येणार? माझ्या चिठ्ठीतल्या दोन ओळींत तुम्ही नसताच. तुम्ही असता ते त्या चार पानांत. फार रडले. मामंजींना धुराचं कारण सांगितलं.

अब्दुलभाईंना बोलावलं. ते मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, मला शंका आली हुती. पन आईंनी हातानं लावल्याला शेंदूर, मी कसा पुसू? तुमच्या घरचा द्येव हाय त्यो." मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आगं, मग पूस की. द्येवाला काय, वर बॉनेटावर बसव." अब्दुलभाईंनी तारा सोडल्या, पुसलं मी. राखेनं घासलं, शिसं चकाकेपर्यंत. काल आप्पासाहेब माणसं घेऊन दारात उभे असताना अब्दुलभाईंनी बटन दाबलं. पहिल्या झटक्याला लागली. आप्पासाहेब चहाही न घेता गेले.

आवाज ऐकला मी तिचा. चांगला आहे. तरी रात्री डोळे मिटून ऐकावा असा काही नाही.

आता माझं एक ऐका. यापुढं अब्दुलभाईंच्या नावाचं पत्र मी वाचणार नाही. त्यांना तसं सांगितलंय, ते हसले आणि म्हणाले, "बेस झालं." गाडीचं काय लिहायचं ते मला लिहा. प्लगचं लिहा, तेलाचं लिहा, चार पानं भरून लिहा, मी सगळं करून घेईन. फक्त वर नाव माझं घाला.

गाडीच्या आधी या घरात आलेली,
तुमची
मुक्ता